हिरो सुधारतो, हिरोइनचं काय?

गेल्या ईदला इचलकरंजीला बहिणीकडे गेले होते. शीरखुर्मा झाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ कमी झाली आणि अकरावीतली भाची मोबाइल घेऊन मला चिकटून बसली. "खाला, ये देख ना." स्क्रीनवर एक कोरियन वेबटून होतं. हिरोने हिरोइनच्या हातातून फोन काढून घेतलाय, कुठल्यातरी मुलाचा नंबर डिलीट केलाय आणि ती खाली बघून लाजतेय. मागे गुलाबी फुलं. "कित्ता क्यूट है ना?"

मी गप्प बसले. खालाने अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला माहीत आहे. पण एकोणिसाव्या वर्षी मीही असल्याच पानाला क्यूट म्हटलं होतं, त्यामुळे तोंड उघडायला जड गेलं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी एक फोल्डर शेअर केलं होतं. त्यात इंग्रजीत भाषांतर केलेल्या जपानी मांगाची स्कॅन केलेली पानं होती. रोमान्सच्या मांगा मी तिथेच पहिल्यांदा वाचल्या. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा वाचल्या. सगळ्यांत जास्त पारायणं केली ती योको कामिओच्या 'हाना योरी दांगो'ची. १९९२ साली 'मार्गारेट' या मासिकात सुरू झालेली ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' या कोरियन मालिकेच्या रूपात पाहिली असेल.

सुकुशी माकिनो ही साध्या घरातली मुलगी श्रीमंतांच्या शाळेत शिकते. त्या शाळेत चार मुलांचं राज्य आहे. त्यांचा म्होरक्या दोम्योजी. ज्याच्या लॉकरवर लाल चिठ्ठी लागेल त्याला अख्ख्या शाळेने छळायचं, अशी तिथली रीत. सुकुशीच्या लॉकरवरही चिठ्ठी लागते. ती रडत बसत नाही, थेट दोम्योजीलाच हाणते. इथपर्यंत मी हॉस्टेलच्या खाटेवर बसून टाळ्या वाजवत होते.

मग दोम्योजी तिच्या प्रेमात पडतो आणि गोष्टीचं पात्र बदलतं. माणसं पाठवून तिला उचलून बंगल्यावर आणवतो, महागडे कपडे घालतो, सजवतो. तो चिडतो, जळतो, तोडफोड करतो. आणि हळूहळू, बऱ्याच खंडांनंतर, माणसात येतो. एक पात्र म्हणून दोम्योजी खरंच छान घडवलाय, ते नाकारता येणार नाही. पहिल्या खंडातला आणि शेवटच्या खंडातला दोम्योजी एक नाहीत.

पण सुकुशी? ती सुरुवातीला धीट, शेवटालाही धीट. तिचा धीटपणा सगळा खर्च झाला तो त्याला सुधारण्यात. तिला शिकून काय व्हायचं होतं, तिचं कुठे चुकलं, कशाबद्दल तिचं मत बदललं, हे मला वाचून संपल्यावर पटकन सांगता येईना. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, त्याला स्टेट होती, तिला फक्त इनपुट आणि आउटपुट.

हे सगळं कॉमिकपुरतं राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पंचविसाव्या वर्षी माझी मंगनी झाली. मुलगा शिकलेला, चांगल्या नोकरीत, घरच्यांना पसंत. पहिल्या महिन्यात त्याने फेसबुकचा पासवर्ड मागितला. मी दिला. मग ऑफिसातून निघताना आणि रूमवर पोचल्यावर फोटो पाठवायचा, असं ठरलं. मैत्रिणी विचारायच्या तेव्हा मी "पझेसिव्ह आहे गं" म्हणायचे, आणि खरं सांगते, अभिमानाने म्हणायचे. माझ्या डोक्यात मागे गुलाबी फुलं होतीच. राग म्हणजे प्रेम, प्रेम म्हणजे आज ना उद्या तो बदलणार, आणि त्याला बदलवणारी मी! सात महिन्यांनी त्याने माझ्या टीम लीडला फोन करून 'ती खरंच ऑफिसात आहे का' असं विचारलं. त्या संध्याकाळी मी अब्बांना सगळं सांगितलं. अब्बांनी मंगनी मोडली. त्याचे टोमणे अम्मीने पुढे दोन वर्षं ऐकले.

कॉमिकने मला फसवलं असं मी म्हणत नाही. तेच धडे सिनेमात होते आणि नात्यागोत्यातल्या लग्नांत होते. कॉमिकने एवढंच केलं की त्या भीतीला एक सुंदर चित्र दिलं, त्यामुळे ती भीती म्हणून ओळखूच आली नाही.

हा प्रकार जपान-कोरियाने शोधून काढलेला नाही. १९४७ साली अमेरिकेत जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीने 'यंग रोमान्स' सुरू केलं आणि ते इतकं खपलं की बघता बघता प्रत्येक प्रकाशकाचं एकेक प्रेमाचं कॉमिक बाजारात आलं. कर्बी म्हणजे कॅप्टन अमेरिका घडवणारा कर्बी. गोष्टी मुलीच्या तोंडून सांगितलेल्या, पण लिहिणारे-काढणारे बहुतेक पुरुष. १९५४ साली कॉमिक्स कोड आला. प्रेमकथेत घर आणि लग्नसंस्थेचं महत्त्व ठसलं पाहिजे, असा नियमच झाला. मग मुलीने थोडं बंड करायचं, पस्तावायचं आणि शेवटच्या चौकटीत योग्य मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं. रॉय लिश्टेनस्टाइनचं पाण्यात बुडणाऱ्या रडक्या मुलीचं १९६३ सालचं प्रसिद्ध चित्र अशाच एका कॉमिकच्या पानावरून घेतलेलं आहे. गंमत बघा, ती रडणारी मुलगी म्युझियममध्ये पोचली, तिची गोष्ट कुणाला आठवत नाही.

जपानमध्येही मुलींसाठीच्या मांगा सुरुवातीला बऱ्याचशा पुरुषच काढायचे. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा अशा बायका पुढे आल्या आणि मुलीच्या मनात काय चाललंय हे पानावर यायला लागलं. पण स्त्रीने काढलं म्हणजे प्रश्न मिटला असं होत नाही. दोम्योजीही एका बाईनेच काढला.

मग चांगलं काही नाही का? आहे. कारुहो शीनाच्या 'किमी नी तोदोके'तली सावाको बघा. वर्गातली मुलं तिला भुताच्या सिनेमातल्या बाईच्या नावाने हाक मारतात. तिला आवडणारा मुलगा चांगला आहे, पण तिच्या बदलाचा मोठा भाग त्याच्यामुळे होत नाही. दोन मैत्रिणी तिच्याबद्दलच्या अफवांत अडकतात, तेव्हा तिला पहिल्यांदा ठरवावं लागतं की मी यांच्यापासून लांब राहायचं की समोर जाऊन बोलायचं. ती बोलते. मैत्री हा विषय प्रेमाइतकाच जागा घेतो. एवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

पण मला जास्त बोलायचंय ते काओरू मोरीच्या 'ओतोयोमेगातारी'बद्दल. इंग्रजीत तिला 'अ ब्राइड्स स्टोरी' म्हणतात. २००८ पासून ती क्रमशः येतेय आणि २०१४ साली तिला जपानचा मांगा ताइशो पुरस्कार मिळाला. गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या मध्य आशियातली. म्हणजे माणसं मुसलमान, दस्तरखान आपला, नावं ओळखीची. तरी कथा या बायकांच्या डोक्यावरच्या कापडाभोवती फिरत नाही. मुस्लिम बाई दिसली की एकतर तिला वाचवायचं नाहीतर तिचा निबंध करायचा, याची इतकी सवय झालीय की नुसतं रोटी भाजणारी, चिडणारी, लाजणारी मुलगी दिसली तरी मला बरं वाटतं.

तशीच मुलगी आहे पारिया. तोंडाने फटकळ, मनातलं नीट सांगता येत नाही, त्यामुळे रिश्ते येतात आणि जातात. रोटी अप्रतिम करते, त्यावर नक्षी काढते. भरतकामात मात्र कच्ची. गावावर हल्ला होतो, त्यात तिने लग्नासाठी तयार केलेले कपडे जातात आणि सगळं पुन्हा भरायला बसावं लागतं. उमर नावाच्या मुलाशी बोलणी चाललेली असतात, ती लांबतात. तिला वाटतं, गावातली कमोला किती गोड बोलते, आपणही तसंच व्हावं. ती तसं वागून बघते आणि ते तिला अजिबात जमत नाही. दोघींची मैत्री होते. पारिया भरतकाम शिकते, टाका टाका शिकते, पण कमोला होत नाही. उमरला जी आवडते ती हीच, फटकळ. माझ्या मते पात्राची वाढ म्हणतात ती ही. तिच्या हाताला नवं काही येतं, स्वतःबद्दलचा एक गैरसमज गळून पडतो, आणि तरी ती ओळखू येते.

नायिका अमीर (हो, इथे हे मुलीचं नाव आहे) घोड्यावर बसून बाण मारते. तिचा नवरा कार्लुक तिच्याहून लहान. तिच्या माहेरचे तिला परत न्यायला येतात, दुसरीकडे देता यावं म्हणून. तेव्हा सासरची आजी धनुष्य उचलते आणि पाहुण्यांच्या दिशेने बाण सोडते! पुढे कार्लुक मेहुण्याकडे राहून शिकारीचं शिकतो, कारण त्याला तिच्या बरोबरीला यायचंय. म्हणजे इथेही पुरुष बदलतो, पण त्याला बदलायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं नाही. तो स्वतःचं स्वतः करतो.

आता जे मला गिळत नाही ते. लग्नाच्या वेळी अमीर वीस वर्षांची आहे आणि कार्लुक बारा. मोरी हे हळुवारपणे हाताळते, मुलगा मोठा होण्याची वाट बघते, पण हळुवार असलं तरी बालविवाह तो बालविवाह. 'त्या काळी तसं होतं' हे उत्तर मला पुरत नाही, कारण चित्रं इतकी देखणी आहेत की वाचताना मनात येणारा प्रश्न विरघळतो. अनीसची गोष्टही तशीच. इराणमधल्या श्रीमंत घरातली एकटी बाई, नवरा प्रेमळ, अंगण सुंदर, बोलायला कुणी नाही. हमाममध्ये तिला शिरीन भेटते, दोघी एकमेकींना बहिणी मानतात. शिरीनचा नवरा वारतो तेव्हा अनीस आपल्या नवऱ्याला म्हणते, तिच्याशी निकाह करा. दोन बायकांची मैत्री इतक्या नाजूक रेषेत मी क्वचित पाहिलीय. पण शिरीनकडे दुसरा पर्याय काय होता? घर चालवायला पैसे नाहीत, आसरा नाही. आपल्या आसपासच्या दुसऱ्या निकाहांत असा देव माणूस नवरा आणि अशी आनंदाने तयार झालेली पहिली बायको किती वेळा असते, ते तुम्हीच आठवा. इथे मोरीने सोपी वाट धरली असं मला वाटतं.

सोपी वाट तिने धरली नाही ती तलासच्या गोष्टीत. तलासचा नवरा मेला, मग रीतीप्रमाणे धाकट्या दिराशी लग्न, तोही मेला, असं करत पाच भाऊ गेले. उरल्या सासू आणि ती. स्मिथ नावाचा इंग्रज अभ्यासक पाहुणा म्हणून येतो आणि दोघांचं जुळतं. काकाच्या हातात बापाचा हक्क येतो आणि तो लग्न मोडतो. ती समोर उभी असते, तिचं मत कुणी मोजत नाही. इथे कुणी खलनायक आरडाओरडा करत नाही. सगळे रीतीने वागतात, तरी एका बाईचं आयुष्य ठरवून टाकलं जातं. स्मिथ जातो. नंतर, बऱ्याच खंडांनंतर, ती स्वतः निघते आणि अंकारात त्याला गाठते. पूर्ण गोष्टीत मला सर्वांत आवडलेली वाटचाल ही. नुसतं सोसणारी बाई एक दिवस ठरवते, आणि त्या एका ठरवण्यासाठी मोरीने तिला अनेक खंड थांबू दिलंय.

भाचीचा मोबाइल काढून घ्या, असं मी बहिणीला सांगितलेलं नाही. वेबटूनमधला हिरो जे करतो तेच आपण केल्यासारखं झालं असतं. मी तिला 'अ ब्राइड्स स्टोरी'चे पहिले काही खंड दिले आणि माझ्या मंगनीची गोष्ट सांगितली, पासवर्डसकट. ती तिला माहीत नव्हती. घरात कुणी बोलतच नाही त्यावर.

पंधरा दिवसांनी रात्री अकराला तिचा मेसेज आला. पारिया तिच्यासारखीच आहे म्हणे, तिलाही शिवण-टिपण जमत नाही. तलासवर चिडली होती: "उसको किसीने पूछाच नहीं!" मग मी विचारलं, ते वेबटून सोडलंस का? म्हणाली, नाही, वाचतेय अजून. आणि थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली: चाळीस भाग झाले खाला, त्याने तिचा फोन परत दिलेलाच नाही.