शक्तीला युक्तीची जोड

संगणकावरच्या खेळांत तुम्ही मोटारी पळवल्या असतील. पण मोटार स्वतः बनवण्याचा खेळ तुम्हांला ठाऊक आहे का? ‘ऑटोमेशन’ हा असाच एक खेळ आहे. न्यूझीलंडच्या ‘कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर’ या कंपनीने तो तयार केला आहे. त्यात इंजिन, सांगाडा, गिअर, टायर हे सारे आपणच निवडायचे असते. मग आपली मोटार किती सेकंदांत ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठेल, हे खेळ सांगतो.

या खेळात अनेकांना अमेरिकेतील ‘मसल कार’ बनवायला आवडते. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या मोटारीत मोठे, जोरदार इंजिन बसवले की झाली मसल कार! पाँटियाक कंपनीची 1964 सालची ‘जीटीओ’ हा तिचा प्रसिद्ध नमुना. तिच्यात आठ सिलिंडरांचे, सुमारे 6.4 लिटरचे इंजिन होते. त्याची ताकद 325 अश्वशक्ती आहे, असे कंपनी सांगत असे.

आता बहुतेक खेळाडू काय करतात? मोटार मंद वाटली की इंजिन मोठे करतात. 300 अश्वशक्तीचे 400 करतात, 400 चे 500 करतात. तरीही सुरुवातीचा वेग फारसा वाढत नाही. माझ्या मते ही पद्धतच चुकीची आहे. जोर वाढवण्याआधी, असलेला जोर कोठे वाया जातो, ते शोधले पाहिजे.

या मोटारींचे इंजिन पुढे असते. पण ते फिरवते मागची चाके. ही चाके रस्त्याला मागे ढकलतात आणि रस्ता मोटारीला पुढे ढकलतो. हे घडते घर्षणामुळे. घर्षण दोन गोष्टींवर अवलंबून असते : मागच्या चाकांवर किती भार आहे आणि टायर किती चांगले आहेत. इंजिनाचा जोर या पकडीपेक्षा जास्त झाला, तर चाके जागच्या जागी गरगर फिरतात, धूर निघतो आणि मोटार मात्र रेंगाळते.

एक हिशोब करून पाहू. समजा, मोटारीचे वस्तुमान 1600 किलोग्रॅम आहे आणि त्यातले 720 किलोग्रॅम मागच्या चाकांवर आहे. घर्षणाचा गुणांक 0.8 धरा. मग रस्त्याकडून जास्तीत जास्त 720 × 9.8 × 0.8, म्हणजे सुमारे 5645 न्यूटन बल मिळेल. त्याला 1600 ने भागले, की त्वरण सुमारे 3.5 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. या त्वरणाने ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठायला जवळजवळ 8 सेकंद लागतील. आता इंजिनाला हात न लावता चांगले टायर घाला. गुणांक 1 झाला, तर तेच काम सुमारे 6.3 सेकंदांत होईल. (मोटार सुटताना भार थोडा मागे सरकतो; तो येथे सोडून दिला आहे.)

म्हणून आधी टायर रुंद व चांगले निवडा. मागच्या चाकांवर अधिक भार येईल, असे पाहा. पहिला गिअर फार जोरकस ठेवू नका. जड इंजिन बसवल्याने पुढचा भार वाढतो, हेही विसरू नका.

कोणी विचारेल, “मग इंजिनाच्या ताकदीला काहीच किंमत नाही का?” आहे तर! वेग वाढला, की चाके घसरणे थांबते. तेथून पुढे ताकदीचेच राज्य असते. म्हणून चाके घसरत असतील, तर पकड सुधारा; घसरत नसतील, तर इंजिनाकडे वळा. मोठ्या इंजिनाला इंधनही जास्त लागते. 1973 साली तेलाचे संकट आले, तेव्हा अमेरिकेत अशा मोटारींची मागणी घसरली होती.

काही मुले दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवतात. त्यांची मोटार जलद होते. पण ती का जलद झाली, हे त्यांना सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या वहीतून गणित उतरवण्यासारखेच आहे हे! त्यापेक्षा एका वेळी एकच बदल करा. वेळ वहीत लिहा. मग दुसरा बदल करून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाचा फायदा झाला, हे कधीच कळणार नाही.

खेळात वेळ फुकट जातो, असे मोठी माणसे म्हणतात. नुसती बटणे दाबली, तर ते खरेच आहे. पण वही जवळ ठेवून खेळलात, तर विज्ञानाच्या पुस्तकातले बल, वस्तुमान आणि त्वरण तुमच्या चांगले ओळखीचे होतील. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असे मराठीत म्हणतात. पुढच्या वेळी मोटार मंद वाटली, तर इंजिन बदलण्याआधी तिच्या मागच्या चाकांकडे पाहा.