मूल कोणाचे, सवलत कोणाला?

विवाह न करता एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या नीतीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्यांच्या मुलांच्या हक्कांची मात्र होत नाही. आयकराकडे पाहिले की ही उणीव स्पष्ट दिसते.

1955 च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी विवाहितांचे 2000 रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले, अविवाहितांचे 1000 रुपयांपर्यंतचेच. संसाराचा भार हलका करण्याचा हेतू रास्त होता. परंतु संसाराची खूण म्हणून मूल नव्हे, विवाह धरला गेला. विवाहाविना मूल वाढविणारी माता त्या हिशेबात एकटीच ठरली.

1961 च्या आयकर कायद्यात पुढे शिक्षणशुल्काची वजावट आली. ती शुल्क भरणाऱ्या आईला वा बापाला, दोन मुलांपुरती. विवाहाची अट तीत नव्हती. मात्र 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत सावत्र व दत्तक मुलांचा उल्लेख होता, विवाहाविना जन्मलेल्यांचा नव्हता. अज्ञान मुलाचे उत्पन्न विवाहित आईबापांपैकी अधिक मिळकत असणाऱ्याच्या खाती आणि विवाह अस्तित्वात नसल्यास मुलाला पोसणाऱ्याच्या खाती धरावे, असा नियम होता. एका छपराखाली दोघेही पोसत असतील तर काय, याचे उत्तर तेथे नव्हते. अशा जोडप्यांनी जन्मनोंदीत दोघांचीही नावे लावावीत, ज्याने शुल्क भरले त्यानेच पावतीनिशी वजावट मागावी आणि एकच रक्कम दोघांनी दाखवू नये, हाच सरळ मार्ग होय.

परंतु खरा प्रश्न याहून मोठा आहे. ही वजावट केवळ करदात्याला, तीही जुनी करपद्धती पत्करणाऱ्याला मिळते. आणि कराचा दर जितका चढा, तितका तिचा लाभ अधिक. उद्यमनगरातील ओतकामगार किंवा ऊसतोडणीला जाणारी स्त्री आयकर भरण्याइतके कमावतच नाही. त्यांचा विवाह झालेला असो वा नसो, त्यांच्या मुलाच्या हाती यातला एक पैसाही पडत नाही.

याच कोल्हापुरात 1920 साली शाहू छत्रपतींनी देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला, पित्यास नोटीस न देता, पालकत्वाचा अर्ज करण्याची वाट मोकळी केली. करनीतीने आता पुढचे पाऊल टाकावे. वजावटीऐवजी प्रत्येक मुलामागे समान बालकभत्ता त्याला सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावा. मग आईबापांच्या लग्नाचा दाखला मागण्याचे सरकारला कारणच उरणार नाही.