लाल रेघेमागचे कारण

शुद्धलेखन तपासणाऱ्या संगणकीय साधनांविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात: ती लेखकाची भाषिक जाण बोथट करतात, आणि ती मुक्तस्रोत असतील, म्हणजे त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येत असेल, तर त्यांना अधिकृत असा आधारच उरत नाही.

यांतील दुसरा आक्षेप वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स शुद्धलेखन तपासण्यासाठी ज्या हनस्पेल या मुक्तस्रोत साधनावर अवलंबून आहेत, ते लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी घडवले, कारण प्रत्ययावर प्रत्यय चढवणाऱ्या त्या भाषेला इंग्रजीच्या बेताने केलेली साधने अपुरी पडत होती. ‘घरातल्यांनाही’ असा शब्द सहज घडवणाऱ्या मराठीची गरज याहून वेगळी नाही. हनस्पेलच्या कोशात एका धारिकेत मूळ शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम असतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरातील दीर्घ ईकार किंवा ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, म्हणून ‘मूल’चे ‘मुलाला’ होते; ‘गीत’ मात्र तत्सम असल्याने ‘गीताला’ असेच राहते. एखादा शब्द चुकीच्या गटात पडला असेल, तर ती धारिका उघडून कोणताही जाणकार शिक्षक चूक दाखवू शकतो व दुरुस्तही करू शकतो. बंदिस्त साधनात लाल रेघ दिसते, तिचे कारण दिसत नाही. अधिकृततेचा खरा आधार तपासता येणे हा असेल, तर तो इथेच आहे.

जाण बोथट होते हा आक्षेप केवळ शब्द बदलून देणाऱ्या साधनाला लागू पडेल. डॅनियल नाबर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या लँग्वेजटूलमध्ये मात्र नियमासोबत चूक का ठरते याचे स्पष्टीकरणही लिहिलेले असते आणि ते लेखकाला दाखवले जाते, त्यामुळे शिकणाऱ्याला वहीच्या समासात शिक्षकाने लिहावा तसा शेरा मिळतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे दोन्ही शब्द कोशात असल्याने निव्वळ शब्दसूचीला त्यांची अदलाबदल कळत नाही, हे खरे. पण ही मर्यादा पद्धतीची आहे, मुक्ततेची नव्हे.

उलट, प्रमाण मराठीचाच कोश असलेले साधन मालवणी किंवा अहिराणी लेखनाखाली ओळीओळीला रेघा ओढते, तेव्हा मुक्त धारिकांमुळेच त्या बोलींच्या लेखकांना कोणाच्याही परवानगीवाचून, आपल्या शब्दांचा आणि आपल्या प्रत्ययांचा स्वतंत्र कोश त्याच यंत्रणेत बसवता येतो.