मोटार नाही? मग आगगाडी आहे ना!

'मोटार नाही, मग गिरा धबधबा कसा पाहणार?' असे सुरतेत आपलीच माणसे विचारतात. बिलीमोरा-वघई छोटी गाडी विसरलात? सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाने घातलेला हा ६३ किलोमीटरचा मार्ग शंभर वर्षांहून जुना. डिसेंबर २०२० मध्ये तो कायमचा बंद करण्याचे पत्र निघाले. विरोध झाला, सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा धावली.

बँकेत रोज पाहतो, व्यवहार थांबला की खाते निष्क्रिय होते. गाडीचेही तसेच!

वघईहून धबधबा तीन-चार किलोमीटर. गेल्या श्रावणात आम्ही मुलाबाळांसह पावसात चालत गेलो. गाडीच्या वेळेला जोडून एस.टी. हवीच, मंडळाने ती लेखी मागावी. पण महाराजांच्या तसबिरीला हार घालणारे आपण, तिकीट कधी काढणार?