घरोघर म्हणजे कुठपर्यंत?

‘घरोघर कचरा संकलन’ हे शब्द आपण सहज वापरतो. पण दार नेमकं कोणतं? २०१६ च्या घनकचरा नियमांतल्या व्याख्येत घराच्या दाराबरोबरच सोसायटीचं फाटक किंवा तळमजल्यावरची ठरलेली जागाही धरली होती. तरी चौथ्या मजल्यावरचा डबा बाईनंच उतरवायचा, आणि कित्येक सोसायट्यांत लिफ्ट मात्र तिला बंद!

पुण्यातल्या कचरावेचकांची, बहुतांश बायांची, संघटना १९९३ साली उभी राहिली. २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ संस्थेनं महापालिकेशी करार केला. ही सेवा आहे, चाकरी नव्हे.

मला वाटतं, जिने चढायला लावायचे तर त्याचा मोबदला ठरवा, लिफ्ट खुली करा. आणि तिला ‘कचरेवाली’ म्हणू नका. कचरा तर आपला आहे.