आपला आवाज आपल्या कानी

माणसाला स्वतःचं सगळं आवडतं. स्वतःची सही आवडते, स्वतःच्या हातचा चहा आवडतो, स्वतःचं घोरणं तर इतकं आवडतं की त्यानं त्याची झोपसुद्धा मोडत नाही. फक्त एक गोष्ट त्याला सोसत नाही. स्वतःचा आवाज! म्हणजे बोलताना चालतो. तो तर तासन्‌तास चालतो. पण तोच आवाज यंत्रातून परत आला की माणूस दचकून विचारतो, "हा कोण?"

यात शास्त्र आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, कानाच्या पुढच्या दारानं. आणि दुसरा कवटीच्या हाडांतून, मागच्या दारानं. हाडांतून येणारा आवाज जाड आणि घुमारदार असतो. त्यामुळे प्रत्येकाचा असा समज झालेला असतो की आपल्याला परमेश्वरानं अमिताभचा गळा दिला आहे. यंत्राला हाडं नसतात. ते फक्त हवेतला आवाज परत करतं. मी माझा आवाज पहिल्यांदा असा ऐकला तेव्हा बायकोला म्हणालो, "अगं, हे मशीन बिघडलेलं दिसतंय." ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, मशीन चांगलं आहे. तुमचा आवाज असाच आहे. मला लग्नापासून माहीत आहे."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मी हॅम आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, 'व्हीयू'नं सुरू होणारं एक नाव मिळवून, गच्चीवर तारा ताणून, रात्री-अपरात्री परगावच्या अनोळखी माणसाला "तुमच्याकडे पाऊस आहे का?" असं विचारणारा प्राणी. या मंडळींशी माझं एका बटणावरून भांडण आहे आणि ते आज मला चव्हाट्यावर आणायचं आहे.

भांडण समजायला थोडं यंत्र समजलं पाहिजे. आमच्या ट्रान्सीव्हरमध्ये बोलणारा आणि ऐकणारा हे दोघे एकाच पेटीत राहतात, पण जुन्या वाड्यातल्या जावांसारखे. एक बोलायला लागली की दुसरी गप्प. माइकवरचं बटण दाबलं की ऐकणारा विभाग बंद. म्हणजे जगाला तुमचं बोलणं ऐकू येतं. ते कसं ऐकू येतं हे कळत नाही फक्त तुम्हाला. यावर उपाय म्हणून बऱ्याच सेटांवर 'मॉनिटर' नावाची सोय दिलेली असते. ती चालू केली की आपलाच आवाज, सेटनं त्याचे काय हाल केले आहेत त्यासकट, आपल्या हेडफोनमध्ये ऐकू येतो. आमच्या शाळेतला मॉनिटर बोलणाऱ्या पोरांची नावं फळ्यावर लिहायचा, स्वतःचं सोडून. हा मॉनिटर नेमका उलटा. हा फक्त तुमचंच नाव लिहितो. म्हणूनच बहुधा तो कोणाला आवडत नाही. शंभरातल्या किती जणांनी ते बटण दाबलंय हे मला ठाऊक नाही. पण सात मेगाहर्ट्‌झवर सकाळी कान लावला तर ज्यांनी दाबलेलं नाही ते ताबडतोब ओळखू येतात.

त्यांचे मुद्दे मला पाठ आहेत. पहिला मुद्दा: "समोरचा सांगतोच की!"

काय सांगतो? आमच्यात समोरच्याच्या आवाजाला मार्क देण्याची पद्धत आहे. बोलणं किती कळतंय याला पाचपैकी, आणि सिग्नल किती जोरकस आहे याला नवापैकी. पद्धत उत्तम. पण आपल्या लोकांनी तिचं लग्नातल्या जेवणाचं करून टाकलंय. पंगतीतून उठताना "जेवण कसं झालं?" या प्रश्नाला आजवर कोणी "जिलबी कच्ची होती" असं उत्तर दिलेलं नाही. तसंच रेडिओवर सगळ्यांना "फाइव्ह नाइन" मिळतं. स्पर्धांमध्ये तर कोणाला कितीही कमी ऐकू येवो, फाइव्ह नाइनच द्यायचा हा अलिखित नियम आहे. "यू आर फाइव्ह नाइन, प्लीज नाव पुन्हा सांगा" हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकलंय याची गणती नाही. ज्याला पैकीच्या पैकी मार्क दिले त्याचं नावसुद्धा कळलेलं नाही!

मी बँकेत आहे. आमच्याकडे व्हाउचर एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं असतं. पण तपासणारे साहेब सगळ्याच व्हाउचरांना फाइव्ह नाइन देऊ लागले तर संध्याकाळी हिशेब कोणाच्या नावानं जुळवायचा? म्हणून शहाणा कारकून साहेबांकडे कागद नेण्याआधी बेरीज स्वतः पुन्हा मारतो. मॉनिटर म्हणजे दुसरं काही नाही, हीच दुसऱ्यांदा मारलेली बेरीज.

दुसरा मुद्दा: "मीटर आहे ना!" आहे. मीटर किती वॉट बाहेर गेले ते सांगतो. तराजू वांग्याचं वजन सांगतो. ते आतून किडकं आहे की नाही हे सांगत नाही.

आणि या मीटरच्या भक्तीनंच खरा घात केला आहे. काटा जास्त हलला की आवाज जास्त लांब जातो अशी समजूत आहे. मग माइकचा गेन वाढवतात. ओरडतात. मग स्पीच प्रोसेसर नावाची चीज पूर्ण पिळतात. हा प्रोसेसर बारीक आवाज मोठे करतो. त्याला तुमचा आवाज आणि तुमच्या घरचा आवाज यांतला भेद कळत नाही. एका गृहस्थांशी बोलताना मला त्यांचा पंखा, त्यांचा कुत्रा आणि कुकरच्या तीन शिट्ट्या स्वच्छ ऐकू आल्या. त्यांचं स्वतःचं म्हणणं तेवढं कळलं नाही. मी म्हटलं, "तुमचा भात झालेला दिसतोय." ते चकित होऊन म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" कुकर फाइव्ह नाइन होता, म्हणून कळलं!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी लेखणी उचलली नसती. जो तो आपापल्या आवाजाचा मालक. पण प्रश्न शेजाऱ्याचा आहे. नीट लावलेला एका माणसाचा आवाज सुमारे ३ किलोहर्ट्‌झ जागा घेतो. आपल्या देशात सात मेगाहर्ट्‌झचा पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्‌झ, म्हणजे एकूण जागा २००. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे भागाकार लगेच केला: फार तर सासष्ट बाकं. तीही कागदावर, कारण मोर्सवाल्यांना वगैरे त्यातच बसवायचं. आता गेन पिळून फाटलेला आवाज या ३ किलोहर्ट्‌झमध्ये मावत नाही. तो दोन्ही बाजूंना सांडतो. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देणं ही मुंबईची संस्कृती आहे. हे महाशय एकटेच बाकभर मांडी ठोकून बसतात, वर पिशवी ठेवतात आणि शेजारी उभ्या असलेल्याला विचारतात, "काय, बरा ऐकू येतोय ना?"

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. "माझाच आवाज कानात आला की मी अडखळतो." खरं आहे. आपला आवाज किंचित उशिरानं आपल्याच कानी आला की भल्याभल्यांची जीभ वळते. बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकानं १९५० सालीच हे मांडलं. साधारण एक पंचमांश सेकंदाचा उशीर सगळ्यात त्रासदायक. कुरिहारा आणि त्सुकादा या दोन जपान्यांनी तर याच तत्त्वावर बोलणाऱ्याला गप्प करणारी बंदूक बनवली आणि २०१२ साली त्यांना त्याबद्दल इग् नोबेल मिळालं. (हे यंत्र आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसाठी अद्याप कोणी कसं मागवलं नाही, कोण जाणे.) आजचे डिजिटल सेट आवाजावर आकडेमोड करतात, त्याला वेळ लागतो, आणि काहींचा मॉनिटर थोडा मागे रेंगाळतो, हेही मान्य.

पण म्हणून मॉनिटर बंद? चष्म्यानं नाकावर वळ पडतात म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही. मॉनिटरचा आवाज बारीक ठेवा. तेही जमत नसेल तर बोलताना रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. रोज ऐकत बसा असं कोण म्हणतंय?

आणि एक विचारतो. हेच लोक मोर्स पाठवतात तेव्हा प्रत्येक 'डा-डिट' त्यांच्या कानात वाजत असतो. त्याला साइडटोन म्हणतात. तो बंद पडला तर कुठलाही मोर्सवाला चार अक्षरंदेखील धड पाठवायचा नाही. साध्या टेलिफोनमध्येसुद्धा बोलणाऱ्याचा थोडा आवाज त्याच्याच कानात मोजून सोडलेला असतो. तो फार झाला की माणूस कुजबुजायला लागतो, आणि कमी झाला की ओरडायला. भोवती गोंगाट झाला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली दाखवून दिलं. म्हणजे आपण काय ऐकतो त्यावर आपण कसं बोलतो हे ठरतं. मैफिलीत तंबोरे जुळतात न जुळतात तोच बुवा हातानं खूण करतात, "मॉनिटर जरा वाढवा." ज्यांनी चाळीस वर्षं गळा घासला त्यांना स्वतःला ऐकल्याशिवाय गाता येत नाही, आणि आमच्या मंडळींना मात्र न ऐकताच आपण सुरात आहोत याची खात्री!

मॉनिटरवर आंधळा विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. पुष्कळ सेटांत तो आवाज शेवटच्या अँप्लिफायरच्या अलीकडेच उचललेला असतो. माइक, गेन, प्रोसेसर यांचे गुन्हे तो सांगतो; त्यापुढे अँप्लिफायरमध्ये काय फाटलं ते त्याला माहीत नसतं. संपूर्ण सत्य हवं असेल तर ॲन्टेनाच्या जागी डमी लोड लावावा आणि दुसऱ्या रिसीव्हरवर, हेडफोन घालून, स्वतःला ऐकावं. हेडफोन न घातल्यास स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून जी किंकाळी निघते, तिनं शेजारी गोळा होतात. त्याहून हौस असेल तर इंटरनेटवर लोकांसाठी खुले असलेले रिसीव्हर आहेत. नेदरलँड्‌समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला २००८ साली सुरू झाला. परवानगीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं आणि घरबसल्या परमुलुखात आपली अब्रू कशी पोचते ते ऐकायचं.

आता चौथा, आणि माझ्या मते खरा मुद्दा. जो कोणी उघड बोलत नाही. प्रत्येकाला भारदस्त व्हायचं आहे. हाडांतून ऐकू येणारा तो खर्ज जगालाही ऐकू यावा म्हणून इक्वलायझर लावून खालचे सूर फुगवायचे. पण बाबांनो, बोलणं कळतं ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं राहतात वरच्या मजल्यावर. 'स'ची सळसळ तर बरीचशी ३ किलोहर्ट्‌झच्या वरच असते. ती आधीच कापली गेलेली. उरलेल्यावर खर्जाची गोधडी घातली की 'सात', 'आठ' आणि 'साठ' हे एकाच आईची लेकरं होतात.

गप्पांमध्ये हे चालतं. पावसाला साठ ऐवजी आठ मिलिमीटर म्हटल्यानं कोणी भिजत नाही. पण हा छंद सरकारनं चालू ठेवलाय तो केवळ गप्पांसाठी नव्हे. २००१च्या २६ जानेवारीला भुज हादरलं आणि टेलिफोन मुके झाले, तेव्हा हॅम मंडळी आपले सेट घेऊन तिथे गेली. २००४च्या डिसेंबरात त्सुनामी आली त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम-मोहिमेसाठी अंदमानातच होते. पोर्ट ब्लेअरहून त्यांनी लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. अशा वेळी पलीकडे कोणाची तरी आई एका नावाची वाट बघत असते. तंबू सात पाठवायचे की साठ, हे कोणीतरी कागदावर लिहून घेत असतं. तिथे "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" यात जाणारं प्रत्येक मिनिट दुसऱ्या कोणाच्या तरी निरोपातून कापलेलं असतं. आणि त्या दिवशी आवाज नीट लावायला फुरसत मिळणार नाही. तो आदल्या रविवारी, पाऊसपाण्याच्या गप्पा मारतानाच लावून ठेवलेला असला पाहिजे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. वाढदिवस, पगारवाढ किंवा नवीन माइक, यांपैकी काहीही झालं की डमी लोड लावा, हेडफोन चढवा, बटण दाबा आणि पाच मिनिटं स्वतःला ऐका. गेन खाली आणा. पंखा बंद करा. शक्य तर कुकर उतरेपर्यंत थांबा. पहिल्यांदा वाईट वाटेल, कारण तो अमिताभ कायमचा जाईल आणि त्याच्या जागी आपल्यासारखा कोणी एक इसम बोलायला लागेल. त्या इसमाशी ओळख करून घ्या. आपली बायको-मुलं वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर राहत आली आहेत, आणि त्यांनी काही तक्रार केलेली नाही.

एवढं सगळं करूनही समोरून "फाइव्ह नाइन, नाव पुन्हा सांगा" असं आलंच, तर मात्र खुशाल समजा की आता त्याच्या कानात काहीतरी बिघाड आहे.