थकलेल्या आईबापांचें दार

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत 2008 सालीं कायदा झाला कीं, मूल रुग्णालयांत सोडून जाणाऱ्या आईबापांस शिक्षा होऊं नये. हेतु नवजात अर्भकें वांचविण्याचा होता. परंतु वयाची मर्यादा घालावयाची राहिली. चार महिन्यांत 30 हून अधिक मुलें सोडण्यांत आलीं. त्यांत तान्हें एकही नव्हतें! एका विधुर पित्यानें एकदम 9 मुलें आणून सोडलीं. नोव्हेंबरांत 30 दिवसांची वयोमर्यादा ठरली व मोठ्या मुलांसाठीं तें दार मिटलें.

त्या आईबापांस निर्दय म्हणणें सोपें आहे. परंतु हाक मारावयास दुसरें दारच नसेल, तर मनुष्य उघडें दिसेल त्या दारीं जाणारच. दार लागलें, घरांतील दुःख मात्र तसेंच राहिलें. पालकहो, धीर सुटण्यापूर्वीं शेजाऱ्यास, शिक्षकास हाक मारा. त्यांत कमीपणा नाहीं. आणि ती हाक ऐकणें हें आम्हां सर्वांचें कर्तव्य होय.